पत्र्याचा रंग

"अजून निळं हायच की ते," राधाकिशन नाना स्क्रीनवर बोट आपटून म्हणाला.

पौर्णिमा बीडच्या एका फ्लेक्सच्या दुकानात सकाळपासून बसून होती आणि नाना सकाळपासून तिच्या डोक्यावर उभा होता. गावच्या सरपंच वनमालाबाई, सहीपुरत्या. कारभार नवऱ्याचा, म्हणजे नानाचा. ग्रामपंचायतीच्या नव्या हॉलमध्ये वीस फुटी चित्र लागणार होतं, आणि ते पौर्णिमानं काढलेलं होतं. अख्खं गाव खडकासकट उपटून आभाळात तरंगत ठेवलेलं. खडकाच्या कडेवरून कपिलधारेच्या धबधब्यासारखं पाणी कोसळतंय आणि खाली जमीनच नाही, नुसते ढग.

चित्र पहाटेचं होतं. नानाला पहाट चालली नाही. "लई निळं झालं, गावाला शोभंल असा रंग दे," एवढंच म्हणाला. का, ते बोलला नाही. बोलायची गरजही नव्हती. निळा कुणाचा आणि भगवा कुणाचा, हे इकडं पाळण्यातल्या पोरालाही कळतं. तिनं दात चावत आभाळ नारिंगी केलं. मग पाणी नारिंगी. मग ढग. मग झाडांचासुद्धा हिरवा काढून घेतला.

आता राहिली होती उजव्या कडेची बौद्धवस्ती. तिळाएवढी सतरा घरं. काल शेजारच्या सरूआत्यानं मोबाइलवर चित्र ताणून ताणून त्यातलं आपलं घर हुडकलं होतं आणि दारोदार दाखवत फिरली होती, "ह्ये बघा, माजं घर आभाळात!"

"ते निळे ठिपके काढ," नाना म्हणाला.

"निळे न्हाईत, नाना. घरावरचे पत्रे हायत. पत्रा करडा असतो."

"मला आंधळा समजती का? बद्रीनाथ, तू सांग बे, कोणता रंग हाय?"

दुकानाचा मालक बद्रीनाथ मान वाकडी करून बघायला आला. "निळाच की, नाना."

पौर्णिमानं एक पत्रा मोठा केला. मोठा, अजून मोठा, स्क्रीन भरेपर्यंत. चुलीतल्या राखेसारखा नुसता करडा. तिनं चित्र परत लहान केलं. पत्रा पुन्हा निळा.

"आयला!" बद्रीनाथ म्हणाला.

"पहाटेच्या चित्रात हीच घरं दिसतबी नव्हती, हुडकावी लागायची," पौर्णिमा म्हणाली. "तुमी भवताली सगळं नारिंगी करायला लावलं. नारिंगीत करडा ठेवला की डोळ्याला तो निळाच दिसतो. आन् सगळं चित्र सोडून नजर आधी तिथंच जाती. हे मी न्हाई केलं, नाना. तुमीच केलं."

बद्रीनाथला हसू फुटलं. नानाचं तोंड बघून त्यानं ते गिळलं.

"मग तेबी नारिंगी कर."

"मग घरं दिसायची न्हाईत."

"न दिसली तर काय बिघडतं?"

नाना हे रागानं म्हणाला नाही. चहात साखर कमी असली तरी चालेल, असं सांगावं तसं म्हणाला. पौर्णिमाचं डोकं भणाणलं. ह्यापेक्षा त्यानं शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवी द्यायला निदान समोर माणूस दिसावा लागतो.

तिनं चित्राच्या कोपऱ्यातलं स्वतःचं नाव आधी पुसलं. मग बारीक ब्रश निवडला, नारिंगी रंग निवडला आणि हातातलं स्क्रीनवर चालणारं पेन नानापुढं धरलं.

"घ्या. वस्ती पुसायला माजा हात लागणार न्हाई. तुमी पुसा. एकेक घर."

"मी?"

"गाव तुमचंच हाय ना?"

"आणा नाना, मी करतो," बद्रीनाथ पुढं झाला.

"सरक बे!" नाना खुर्चीत बसला.

पेन त्याच्या बोटात काडीसारखं दिसत होतं. एक पत्रा झाकायला त्याला चार वेळा हात फिरवावा लागे, आणि तो झाकला की शेजारचा जास्तच निळा वाटे. नानाचं नाक स्क्रीनला टेकायचं बाकी राहिलं. पापणी मिटायचंही तो विसरला, डोळ्यांत नुसता नारिंगी भरला. पौर्णिमा खुर्चीमागं उभी होती.

"हे सरूआत्याचं," ती म्हणाली.

पेन हललं.

"हे शहादेवमामाचं. हे यशोधराचं, नवं बांधलंय, गिलावा व्हायचाय."

"गप बस, पोरी."

"हे आमचं."

सतरावं घर गेलं. सगळी स्क्रीन नारिंगी. नानानं एक शेवटची नजर कोपऱ्या-कोपऱ्यातून फिरवली, कुठं काही उरलं का बघितलं, पेन ठेवलं आणि समाधानानं छातीवरून हात फिरवत खाली पाहिलं.

"बद्रीनाथ," त्यानं पांढऱ्या सदऱ्याचं कापड चिमटीत धरलं, "हे निळं काय लागलं बे?"

बद्रीनाथ वाकून बघू लागला. त्याला काहीच दिसेना. "कुठं, नाना?"

"हे काय! ह्या बाहीवरबी हाय!"

पौर्णिमानं पिशवी खांद्याला लावली. नाना अंगठ्याला थुंकी लावून स्वच्छ सदरा घासत होता.