शरदराव काय ऐकत होते

“शरदराव शेवटी शेवटी काय ऐकत होते?” लक्ष्मणरावांनी विचारलं.

शैलाने उत्तर घरूनच ठरवून आणलं होतं. तरी ते तोंडातून निघायला वेळ लागला.

“बिलासखानी तोडी,” ती म्हणाली आणि मांडीवरची तबकडी तिने पुढे केली. “हीच. बाबांची आठवण म्हणून तुमच्याकडे राहू दे.”

लक्ष्मणरावांनी चष्मा लावून वेष्टनावरची अक्षरं वाचली. “बिलासखानी! शेवटपर्यंत आवड सोडली नाही गड्यानं.”

“पर भैरवीपतुर थांबायचं का न्हाई?” सोपानराव मोठ्याने म्हणाले. “मधनंच उठून गेले, राव.”

कुणी हसलं नाही. सोपानरावही नाही.

चिंचवडच्या कॉलनीतल्या या खोलीत दर रविवारी सकाळी चौघे जमत. शैलाचे वडील शरदराव, या घरचे लक्ष्मणराव, दिघीचे मारुतराव आणि कुरुळीहून एसटीने येणारे सोपानराव. चौघांची हयात एकाच कंपनीच्या फोर्ज शॉपमध्ये गेली होती, तापलेल्या लोखंडावर पडणाऱ्या घणांपुढे. तिथल्या माणसांना हळू बोलता येत नाही, असं शैलाची आई जिवंत असताना म्हणायची. बैठकीचा रिवाज ठरलेला होता. आधी प्रत्येकाने आठवडाभरात काय ऐकलं ते सांगायचं, मग एक तबकडी लावायची. आज चौथी खुर्ची शैलाला दिली होती.

रविवारी लक्ष्मणरावांचं दार सताड उघडं असे. त्यांच्या पत्नी सुहासिनीकाकू तळेगावला बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणून चहा लक्ष्मणरावांनी स्वतःच केला होता.

“मला नको, काका,” शैला म्हणाली. भरलेला कप तरीही तिच्या हातात आला.

तिला बैठकीतून लवकर उठायचं होतं. इथे जितका वेळ बसावं, तितकी चूक होण्याची भीती. कुणीतरी बाबांच्या ऐकण्याबद्दल नेमकं काहीतरी विचारील आणि आपला चेहरा सगळं सांगून टाकील, असं तिला वाटत होतं.

गेली सहा वर्षं बाबांना काहीही ऐकू येत नव्हतं. आधी सतारीची वरची झणक गेली, मग तानपुरा, मग माणसांचं बोलणं. हे फक्त तिला माहीत होतं. शनिवारी संध्याकाळी ती त्यांच्यासमोर बसायची आणि ओठ सावकाश हलवत रेडिओवर काय झालं ते सांगायची. राग कोणता, ताल कोणता, गवई कुठे रेंगाळला. ते लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. रविवारी तेच सगळं इथे येऊन सांगायचे.

“सांगून टाका ना, बाबा,” ती एकदा म्हणाली होती. “मित्रच आहेत तुमचे.”

“गाण्याच्या बैठकीत बहिऱ्याचं काय काम?” ते म्हणाले होते. “कीव करतील. मग कीव करून बोलावतील. ते नको. मी गेल्यावरसुद्धा बोलू नकोस.”

दवाखान्यात हे तिघे भेटायला आले, तेव्हा बाबांनी झोपेचं सोंग घेतलं होतं. तिघे निघून गेल्यावर डोळे उघडून बाबांनी विचारलं, “काय म्हणाले?” तिने सांगितलं. मग ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पुन्हा त्या तिघांची गाठ पडली नाही.

“चला, रिवाज मोडायचा नाही,” मारुतराव खुर्ची सरसावत म्हणाले. “बुधवारी रेडिओवर बागेश्री झाला. सव्वा तास! पेपरात छापून आलं होतं ना, त्याच बाई गायल्या. वय झालं, पण आवाज अजून तोच.”

शैलाला तो बुधवार आठवला. त्या बाई आजारी पडल्या म्हणून ऐनवेळी बासरी लावली होती. मारुतरावांचा वार चुकत असेल. पण चूक कुणीच काढली नाही.

“आमच्या सुनंनं मालकंस लावला व्हता,” सोपानराव म्हणाले. “निस्तं सोनं!”

“कुणाचा, काका?” शैलाने चहाच्या कपात बघत विचारलं.

सोपानराव बशीतला चहा फुंकत राहिले.

“शरदरावांचा कान म्हणजे कान होता,” मारुतराव अचानक म्हणाले. “आमच्यात तसा कुणाचाच नाही.”

शैलाने एकेकाचा चेहरा पाहिला. कुणाच्याही चेहऱ्यावर शंका नव्हती. लक्ष्मणराव तर मान खाली घालून बसले होते. बाबांचं गुपित राहिलं, तिच्या मनात आलं. सगळं नीट झाकलेलं राहिलं. पहिल्यांदाच तिचे खांदे सैल झाले.

लक्ष्मणराव उठले. एरवी रेकॉर्ड प्लेअर काकू लावायच्या. आज लक्ष्मणरावांनीच कळ दाबली, तबकडी दोन्ही हातांनी ठेवली आणि हळूच सुई टेकवली. मग हात जोडून खुर्चीत येऊन बसले.

तबकडी फिरू लागली. मारुतरावांचे डोळे अर्धवट मिटले. सोपानरावांची बोटं गुडघ्यावर पडू लागली, सावकाश, विलंबित लयीत. खाली अंगणात मुलं विटीदांडू खेळत होती. शेजारी कुकरची शिट्टी झाली. लक्ष्मणराव मान किंचित कलती करून बसले होते. तिघेही मधूनमधून एकमेकांकडे बघत होते.

“वा!” सोपानराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मारुतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. “वा, वा!”

लक्ष्मणराव शैलाकडे वळले. “हा गंधार ऐकलास, पोरी?” ते म्हणाले. “यासाठी तरी शरद हवा होता आज.”

शैलाने प्लेअरकडे पाहिलं. आवाजाचं बटण शून्यावर होतं.