वांगी की निळी

“गुलाबी हाय जी,” कापसाचं बोंड फोडून सुभद्रा नवऱ्याच्या कानाशी कुजबुजली होती. बांधावर माणसं उभी होती. मग खुशालरावच मोठ्यानं म्हणाले होते, “गुलाबी अळी पडली. गेलं पीक.” त्या वर्षी अख्ख्या शिवारात बोंडं सडली. सगळं गेलं, कुजबुज तेवढी कानात राहिली.

“काका, ऐकून राहिले ना?” अजहरनं टेबल ठोकलं.

अकोटच्या बसस्टँडमागं त्याचा फोटो स्टुडिओ. उद्या सुभद्राची तेरवी. कौंडण्यपूरच्या जत्रेत त्यानंच काढलेला तिचा फोटो फ्रेमात बसवायचा होता, आणि दुपारपासून तो बसत नव्हता. कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम उघडे. फाइल एकच, कॅमेऱ्यातून आली तशी कच्ची. एकात साडी निळी, दुसऱ्यात वांगी. मध्येच लाइट गेली, आली, पुन्हा पहिल्यापासून. गेल्या महिन्यात एका नवरीचा लाल शालू अल्बमात शेंदरी निघाला, तर तिचे मामे दुकानात येऊन भांडून गेले होते. तेव्हापासून अजहर दोन्ही प्रिंटा काढायचा आणि गिऱ्हाइकालाच बोट ठेवायला लावायचा.

“कच्च्या फाइलीत रंग नसतेच काका, नुसते आकडे असते. हा प्रोग्रॅम त्याच्या मनानं रंग भरते, तो त्याच्या. खरा कोणता, ते ज्यानं पाह्यलं त्यानंच सांगा लागते.”

खुशालरावांनी एक प्रिंट उजेडात धरली. “बरोबर हाय.” मग दुसरी धरली. “हेही बरोबर.”

“अरे यार! दोनी कशा बरोबर असन? साडी आणा घरून.”

“तिच्यासंगच गेली.”

“मंग पोरीले फोन लावा.”

“पोरीले नको.” त्यांनी दोन्ही प्रिंटा त्याच्यासमोर धरल्या. “तुले कोणती वाटते?”

“मले काय विचारता? जत्रेत किती चेहरे काढले मी!” अजहरचा आवाज चढला. “जिंदगी काढली काकूसंग, अन् लुगड्याचा रंग सांगता येत नाही? कधी पाह्यलं तरी काय तिच्याकडं?”

खुशालराव उठले नाहीत. त्यांनी तिच्या कपाळावरून, गालाच्या तिळावरून अंगठा फिरवला. दोन्ही प्रिंटा कडेला कड लावून एकीवर एक ठेवल्या, जशी ती घड्या घालायची.

“लय पाह्यलं, बापू. पण मले रंगच समजत नाही. जन्मापासून. लोकाईत हसू होऊ नये म्हणून ती कानात येऊन सांगे. पोरीलेही कळू नाही देल्लं तिनं.” त्यांनी प्रिंटांच्या कडा पुन्हा जुळवल्या. “या साडीचा तेवढा सांगायचा राहून गेला.”