सोळा रंगांचे बाबा

बाबांच्या माघारी अमरनं त्यांचा जुना, हौसेनं घेतलेला कॉम्प्युटर दुरुस्त करून टीव्हीला जोडला आणि मोबाईलमधला त्यांचाच फोटो त्यावर उतरवला. त्या बिचाऱ्या यंत्राजवळ सोळाच रंग. घुग्घुसच्या खाणीतलं पिवळं हेल्मेट कसंबसं आलं. पण नाकामिशीचे ठोकळे झाले आणि हसू कुठल्या कुठं गेलं.

बायको डिंपल पडद्याला नाक लावून म्हणाली, "बाबा कुठी हायेत याच्यात? हे तं फरशी दिसून राह्यली!"

अमरलाही काही दिसेना. हिरमुसून तो टीव्ही बंद करायला उठला.

"राहू दे रे," मागून खाटेवरून आई म्हणाली. "लय दिवसानं दिसले. देव तुयं भलं करो, बापा."

अमर गर्रकन वळला. नजर अधू झाल्यापासून मोबाईलमधला बाबांचा फोटो कितीही जवळ धरला, तरी आईला नुसतं धुकं दिसायचं. आता ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, तिथून तिच्या अधू नजरेत ते ठोकळे एकमेकांत मिसळून गेले होते, आणि बाबा ड्युटीवरून दारात आले की ओढायची, तसा तिनं डोक्यावर पदर ओढला होता.