चमचाभर दूध

भिंगरीला तान्हेपणापासून दुधाची अ‍ॅलर्जी. रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वही कमी. आई रोज त्याचे थेंब पाजायची, बाबा सकाळच्या उन्हात खेळवायचे. ती चार वर्षांची झाली, तेव्हा डॉक्टरांनी आपल्या नजरेसमोर चमचाभर दूध पाजून बघायचं ठरवलं. दूध पचलं तर आइस्क्रीम, या बोलीवर भिंगरी वाटभर नाचत आली. दवाखान्यात बाबांनी चमचा पुढे केला; तिनं तो चाटूनपुसून संपवला. बराच वेळ काही झालं नाही. बाबांचा जीव भांड्यात पडतोय, तोच ती हळूच म्हणाली, “डॉक्टरकाका, घशात खाजतंय.” डॉक्टरांनी लगेच इंजेक्शन दिलं. ओठांवर आलेली सूज तासाभरात ओसरली. “वेळेवर बोललीस, शहाणे!” ते म्हणाले. बाबांनी विचारलं, “सांगितलं तर आइस्क्रीम जाईल, माहीत होतं ना?” “हो. पण खाजत होतं ना!” बाबांनी तिला घरापर्यंत कडेवरून उतरवलं नाही.