उपडा कप

सारेमा बेटावरच्या निम्म्या लोकांना लाइने बाईंनी शिकवलंय. मला, आणि त्यांचं आतडं फुटलं तेव्हा तातडीने ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टर मार्गुसलासुद्धा. त्याने पोटातला सगळा पू धुऊन काढला, पण आतडं काही हलेना. पोट टम्म, ताप तसाच. ते हलेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, म्हणून बाईंचा कॉफीचा कप मीच उपडा घालून ठेवला होता. मी त्यांची नर्स. मार्गुस रोज सकाळी विचारायचा, "बाई, वारा सरला का?" "चारचौघांत विचारतात का असलं? भर वर्गात हेच केलंस म्हणून तुला वर्गाबाहेर उभं केलं होतं मी!" "तुम्ही एकदा करा तर खरं, अख्खं हॉस्पिटल टाळ्या वाजवेल." आज मात्र तो हसला नाही. आजही काही झालं नाही, तर पोट पुन्हा उघडावं लागणार होतं, आणि या वयात बाईंना ते झेपलं नसतं. तो स्टेथोस्कोप घेऊन वाकला. आणि तेवढ्यात आवाज आला; लांबलचक, खणखणीत, पार जिन्यापर्यंत ऐकू जाईल असा. बाई लालबुंद झाल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींनी टाळ्या पिटल्या. मी कप सुलटा केला. मार्गुसने डोळे पुसले आणि दाराकडे बोट करून तो ओरडला, "बाई, वर्गाबाहेर!" बाई उठल्या आणि सलाइनचा स्टँड धरून ताठ मानेने चालत बाहेर गेल्या.