खोडलेला शोधनिबंध

डॉ. वसुधा कुडाळकरांनी पेशींच्या ओळख-तपासणीचा अहवाल दोनदा वाचून टेबलावर ठेवला. ज्या पेशी तोंडाच्या कर्करोगाच्या समजून त्यांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या निघाल्या होत्या. प्रयोगशाळेत कधीतरी एका बाटलीतल्या पेशी दुसरीत गेल्या असणार. त्याच पेशींवरच्या त्यांच्या शोधनिबंधाचा जगभरातले संशोधक आधार घेत होते.

“मॅडम, सोमवारी संचालकपदाची मुलाखत आहे,” सहकारी तांबोळी म्हणाले. “निबंध मंगळवारी मागे घ्या की. तेवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?”

“त्याच्याच भरवशावर नागपूरचे डॉक्टर नवं औषध द्यायला निघालेत. पहिला रुग्ण उद्या दाखल होतोय.”

“पण तो काढला, तर तुमच्या यादीत उरतं काय?”

“बाकीचे आहेत ना. त्यातल्या दोनांवर तुमचंही नाव आहे. टाकाऊ आहेत का?”

तांबोळी कसनुसं हसले. त्यांच्यासमोरच मॅडमनी नागपूरला फोन लावला आणि मग निबंध मागे घेत असल्याची मेल नियतकालिकाच्या संपादकांना पाठवली.

सोमवारी निवड समितीच्या अध्यक्षांनी अर्जातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. “हा गाजलेला निबंध तुम्हीच खोडलाय?”

“हो. चुकीचा निघाला. शुक्रवारी मागे घेतला.”

समितीतल्या सगळ्यांनी कागदांतून मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

“मग तुमच्या संशोधनाचा सर्वांत मोठा प्रभाव कोणता म्हणायचा?”

मॅडमना विचार करावा लागला नाही.

“नागपुरातल्या एका रुग्णाला शनिवारी चुकीचं औषध मिळालं नाही.”