न फोडलेल्या पट्ट्या

गोळ्यांमुळे रूथच्या कानात बोलणारे आवाज थांबले, पण दोन वर्षांत वजन बावीस किलोंनी वाढलं. संगमनेरच्या शाळेत शिकवणारा तिचा नवरा जस्टिन पाहुण्यांसमोर म्हणायचा, "आमच्या म्हशीला वैरण लई लागती." सगळे हसायचे, तीही हसायची. यंदा ती झपाट्यानं बारीक झाली. त्यानं हरखून नवी साडी आणली. तो साडी कपाटात ठेवत असताना रूथच्या जुन्या पर्समधून गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या निसटल्या. "कधीपासून घेत नाहीस?" त्यानं विचारलं. "नाताळपासून," रूथ म्हणाली. "आणि ते आवाज?" "आलेत परत. आता तुमच्या आवाजात बोलतात." त्यानं घाईघाईनं डॉक्टरांना फोन लावला. "वजन वाढल्यावर औषध बदलता आलं असतं," ते म्हणाले, "आत्ताच घेऊन या." "रूथ, माझं चुकलं," तो म्हणाला. तिनं त्याच्या ओठांकडे निरखून पाहिलं. "हे तुम्हीच बोललात ना?"